सहा अक्षरांचं क्षुल्लक

सकाळचे पाच चाळीस. कत्तलखान्यातल्या तपासणीच्या ओट्यावर बाईची सुरी चौथ्या डुकराच्या जबड्यात होती. जबड्याच्या स्नायूला दोन आडवे छेद, मग जीभ बाहेर ओढून मुळापासून टोकापर्यंत बोटांनी चाचपायची, मग हृदय, मग खांदा. जनावर बदललं की वापरलेली सुरी वाफाळत्या पाण्यात आणि दुसरी हातात. एकवीस वर्षं हेच. हुकांवरून जनावरं पुढे सरकवणारे लोक तिला पाठीमागे बादबाई म्हणतात, जनावरं बाद करते म्हणून. तोंडावरही म्हणतात, कारण ती रागावत नाही.

वासाची सवय होते असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथे आठवडाभर काम केलेलं नाही. रक्ताचा वास जातो, चरबीचा जात नाही. तो केसांत बसतो, घड्याळाच्या पट्ट्यात बसतो. बाई मांस खात नाही. शाकाहारी आहेस का, असं कुणी विचारलं तर म्हणते, नाही, तपासनीस आहे. नणंदेच्या घरी तिचा चहाचा कप वेगळा असतो, कान तुटलेला. त्याविषयी नणंद कधी बोललेली नाही, आणि हिनेही विचारलेलं नाही.

साडेसहाला पहिली खेप संपली. बाई शीतगृहामागच्या जाळीच्या पिंजऱ्याकडे गेली. संशयित जनावरं रात्रभर या पिंजऱ्यात कुलपात टांगतात. सकाळी आठला जनावरांचे डॉक्टर येऊन सही करतात, मग कुणी खाऊ नये म्हणून त्यांच्यावर निळा रंग ओततात आणि ती भट्टीत जातात. काल दुपारी तिने एक्केचाळीस नंबरचा डुक्कर इथे टांगला होता. आज हुक रिकामा होता. खालच्या ट्रेमध्ये फक्त त्याचं मुंडकं होतं, कानाला नंबराचा बिल्ला तसाच.

किल्ली कारकुनाकडे असते. कारकून अठ्ठेचाळीस वर्षांचा, तीन आठवड्यांपूर्वी पाणीपट्टीच्या कचेरीतून बदलून आलेला. रोज सकाळी इंग्रजी शब्दकोडं सोडवतो, तेही पेनाने. पेनाने सोडवतो हे त्याने स्वतःच सगळ्यांना सांगितलेलं आहे.

"एक्केचाळीस कुठंय?"

"गेला की. काल संध्याकाळीच सोडला. तुम्ही लिहिलंत ना, मीझली."

"मग?"

"मीझली म्हणजे क्षुल्लक, बाई. मागच्याच रविवारी कोड्यात होतं. सहा अक्षरं."

महिन्यापूर्वी नवा फॉर्म आला होता. त्यात दोषासाठी दोनच चौकटी आहेत, गंभीर आणि किरकोळ. कारकुनाने बाईच्या रजिस्टरातला शब्द वाचला, किरकोळवर खूण केली आणि कुलूप उघडलं.

"मीझली म्हणजे टेपवर्मच्या अळ्यांनी भरलेलं डुक्कर," बाई म्हणाली. "तुमच्या कोड्याच्या कितीतरी आधीपासून."

हा शब्द तिला तेव्हाच्या थोरल्या डॉक्टरांनी शिकवला होता, नोकरीच्या पहिल्या दिवशी, कोपरापर्यंत हात डुकरात घालून. लॅटिनमध्ये तो बिचाऱ्याला वापरायचा शब्द होता. जुन्या फ्रेंचमध्ये तो महारोग्याला चिकटला, वस्तीबाहेर काढलेल्या बिचाऱ्याला. तिथून इंग्रजीत आला. इंग्रजीत अंगावरच्या लाल ठिपक्यांसाठी, म्हणजे गोवरासाठी, त्याच्यासारखाच वाजणारा दुसरा शब्द होता. दोघांचा गुंता झाला. मग डुकराच्या मांसात तांदळाएवढे पाणीदार दाणे दिसले, तेव्हा लोकांनी तेच नाव तिथे लावलं. बोलण्यात त्याचा अर्थ तुच्छ असा व्हायला फार काळ झालेला नाही, दीडएकशे वर्षं. तुच्छवरून तो क्षुल्लकावर उतरला. आता पगारवाढ मीझली असते. थोरले डॉक्टर म्हणायचे, शब्दाची घाण लोकांनी बोलून बोलून धुतली, डुकराची कोण धुणार.

बाई खिम्याच्या खोलीत पोचली तेव्हा सात वाजायला दहा मिनिटं होती. एक्केचाळीस रात्रीच हाडांवरून उतरवून यंत्रात गेला होता. त्याच्यासोबत आणखी दोन डुकरं. एकशे ऐंशी किलो खिमा, गुलाबी, गार, चार टबांत. त्यातला त्याचा कोणता, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. नऊ वाजता गाडी दोन वसतिगृहांच्या स्वयंपाकघरांकडे निघणार होती. मांस आतपर्यंत शिजलं तर अळी मरते. कच्चं राहिलं तर माणसाच्या आतड्यात टेपवर्म वाढतो, हातभर नाही, कित्येक हात.

व्यवस्थापक आला तो टाइप केलेला कागद घेऊनच. त्याचं म्हणणं असं की शिजवणार आहेतच, आणि तीनात एकच तर डुक्कर. दोन्ही आचाऱ्यांच्या चुलीची हमी तुम्ही घेता का, असं बाईने विचारलं. त्यावर त्याने कागद पुढे केला. नोंदीतला शब्द संदिग्ध होता, दोष किरकोळ असल्याची तपासनीसांनी खात्री केली आहे. खाली बाईच्या सहीची जागा.

"डिक्शनरीतही तेच आहे, बाई," तो म्हणाला आणि फोन दाखवला. क्षुल्लक, दरिद्री.

"खाली सरकवा."

त्याने सरकवलं. खालच्या अर्थात अळ्यांचं डुक्कर होतं.

तरी त्याने पेन मागे घेतलं नाही. फोनवर दिसलं म्हणून काय झालं, सही तर एकच लागते, असं काहीसं तो म्हणत राहिला. बाई गेली आणि मुंडक्याचा ट्रे घेऊन आली. जीभ ओढली, कडेला छेद दिला, अंगठ्याने दाबलं. एक दाणा सुटून त्याच्या कागदावर पडला, किरकोळ या शब्दाच्या थोडा खाली. तिने नखाने तो फोडला. पाणी पसरलं आणि आतून अळीचं पांढरं डोकं बाहेर आलं, टाचणीच्या माथ्याएवढं.

"हा एक किरकोळ. जिभेत एकतीस आहेत, काल मोजलेत. मांड्या मोजल्या नाहीत. करू सही?"

व्यवस्थापकाने रुमाल तोंडाला लावला, बेसिनपर्यंत पोचला आणि तिथे सकाळचा चहा ओकला. परत येऊन तो एवढंच म्हणाला, की फेकून द्या सगळं.

आठला डॉक्टर आले. चारही टबांत निळा रंग ओतला गेला आणि टब भट्टीकडे गेले. बाईने हात तीनदा धुतले. इतक्या वर्षांत ती अळी पाहून एकदाच मळमळली होती, पहिल्या वर्षी. आज तो कागद चिमट्याने उचलताना तिला पुन्हा मळमळलं. तोही तिने भट्टीत टाकला.

कारकून दारातच उभा होता. त्याने हळूच विचारलं, गेल्या तीन आठवड्यांत आपण आणखी काय काय किरकोळ ठरवलं असेल. तोवर हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. दोघांनी बसून बावीस फॉर्म रजिस्टराशी ताडून पाहिले. खरचटलेली कातडी, मुका मार, एक मोडलेला पाय. दुसरं काही नव्हतं. त्याने पाणी मागितलं आणि प्यायचं विसरला.

फॉर्म तोच राहणार आहे, छापून आलेला गठ्ठा संपेपर्यंत. यापुढे कारणाच्या रकान्यात बाई टेपवर्म असं लिहील, आणि कारकून चौकटीवर खूण करण्याआधी हुकापर्यंत येऊन बघेल. उद्याच्या पहिल्या खेपेत छत्तीस डुकरं आहेत. सुरुवात साडेपाचला, आणि कारकुनासाठी आठ नंबरचे गमबूट बाईने आत्ताच ओट्याखाली आणून ठेवले आहेत.