प्रेअरीवरच्या रानशेण्या

इंग्लंडात, वॉटफर्डच्या शाळेत हिस्टरीला आम्हाला अमेरिकन वेस्ट होतं. एका शुक्रवारी सरांनी खेळच मांडला. तुम्ही पंधरा वर्षांचे, आई-बाप वाटेत तापानं गेले, प्रेअरीवर मातीच्या झोपडीत एकटे आहात. हिवाळा तोंडावर आलाय आणि मैलोन्‌मैल एक झाड नाही. वसंत येईपर्यंत जगून दाखवा. एकाचं उत्तर दुसऱ्यानं चोरायचं नाही.

पोरं पटापट मरायला लागली. कुणी दार जाळलं, कुणी बैलगाडी, एकीनं तर खाटसुद्धा! "आणि फेब्रुवारीत काय जाळणार?" सरांनी विचारलं की खलास. मेलेल्यानं खिडकीपाशी जाऊन बसायचं.

मला उत्तर केव्हाचं ठाऊक होतं. आई इथे हॉस्पिटलात डॉक्टर असली तरी तिचं माहेर फलटणजवळचं खेडं. ख्रिसमसच्या सुट्टीत तिथे गेलो की मी मामीबरोबर माळावर हिंडून गुरांचं वाळलेलं शेण वेचायची. मामी त्याला रानशेण्या म्हणायची. चूल काय मस्त धगधगते त्यावर! आणि प्रेअरीवर बायसनचे एवढाले कळप, ते काय गुलाबपाणी शिंपडत हिंडत होते?

पण बोलणार कशी? मागच्या बाकावरचा एक जण मी दिसले की नाक दाबायचा, माझ्या कोटाला फोडणीचा वास येतो म्हणून. त्याच्यादेखत शेणाचं नाव काढलं, तर शाळा संपेपर्यंत तेच माझं नाव राहणार.

"तू काय जाळणार?" सरांनी मला विचारलं.

माझं डोकंच सटकलं. उत्तर येत असताना लाजेनं मरायचं? हट्!

"शेण," मी चांगलं मोठ्यांदा म्हटलं.

वर्ग खो खो हसला. सर नाही हसले. "अगदी बरोबर. तिथली माणसं हेच जाळायची. तू जगलीस." माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! आई, मामी, तो अख्खा माळ माझ्या पाठीशी उभा आहे असं वाटलं.

शेवटी उरलो मी आणि तो नाक दाबणारा. त्याच्याकडे जाळायला काही नव्हतं. मरायच्या आधी एकदा शेजाऱ्याचं दार ठोठावता येईल, असं सरांनी त्याला सांगितलं. तो उभा राहिला. कान लालबुंद.

"मी तुझ्या घरी येऊ का?"

"ये की," मी म्हटलं. "येताना शेण घेऊन ये. स्वतःच्या हातानं वेचून."