सानगडीचा नवा भात

सत्तरच्या दशकात फिरतीच्या नोकरीत मी सानगडीला एका बाईच्या खानावळीत जेवायचो. तांदूळ तिच्या शेतातला, वांगी परसातली, मासे गावच्या तळ्यातले. नाव कधी विचारलं नाही. वाढायला लागली की ‘पुरे’ म्हटलेलं तिला ऐकूच यायचं नाही.

एकदा कापणीच्या दिवसांत शेजारी नागपूरचे एक साहेब जेवत होते. नव्या भाताच्या वासाचं त्यांचं कौतुक संपेना. तेवढ्यात तिच्या शेतावरच्या कापणीच्या बाया आल्या. नवा भात कापणाऱ्यांना पंगतीत बसवून वाढायचा, हा तिचा रिवाज. त्या आमच्या ओळीत बसल्या. बाया बौद्ध वस्तीतल्या आहेत हे विचारून घेऊन साहेबांनी ताट भिंतीकडे ओढलं. भात हवा, कापणारे शेजारी नकोत. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

बाईनं पदराला हात पुसले, साहेबांचं अर्धं जेवलेलं ताट उचललं आणि बायांकडे बोट केलं.

“येयनंच कापलेला भात हाये हा. थो कसा चालला तुमाले?”

उष्टा हात पुढे धरून साहेबांनी धुवायला पाणी मागितलं. ती बायांना वाढत होती. तिला ऐकू आलं नाही.