सहा मैलांचं पाणी

मी तिसरीपर्यंत शिकलो. त्यापुढे मास्तरांचं आणि माझं जमलं नाही. लिहिण्यात चुका निघतील तर निघू देत. धावण्यात माझी चूक काढणारा एकच माणूस झाला, आणि ते माझे वडील.

वडील रियासतीत हरकारे होते, सरकारी पाकीट घेऊन पायी पळायचे. आमचे पूर्वज दक्खनेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरात आले. पुढं घोडे गेले, भाले गेले, पाय तेवढे राहिले. वडिलांचा एक कायदा होता : पाकीट हातात असेतोवर तोंडाला पाणी लावायचं नाही. लहानपणी मला ते आमच्या कंपू मोहल्ल्यातून फूलबागेपर्यंत पळवत, आणि वाटेत नळाकडे नुसतं पाहिलं तरी कान धरत.

मी पायदळात लागलो आणि थोड्याच दिवसांत रियासत विलीन झाली. फेट्यावरचा बिल्ला काढून जमा करा, असा हुकूम आला. मध्यभारताचं नवं सरकार, नवे साहेब. आमच्यातले बरेच घरी जाणार हे ठरलेलंच होतं. घरी म्हणजे बिर्ला नगरच्या गिरणीत. माझा थोरला भाऊ तिथंच होता. संध्याकाळी यायचा तेव्हा भुवयांवर कापूस असायचा. दिवसभर छपराखाली उभं राहायचं, हे मला सोसणारं नव्हतं.

साहेबांना बीहडातल्या, म्हणजे दऱ्याखोऱ्यांतल्या, चौक्यांवर चिठ्ठ्या नेणारे आठ गडी हवे होते. परीक्षा अशी : ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून शिवपुरी, जंगलातल्या पायवाटेनं, सत्तर मैल, एका दिवसात. पहिले आठ नोकरीत राहणार. त्याआधी सरावाच्या दोन दौडी. तिघऱ्याच्या धरणावर जाऊन परत, पंचवीस मैल. आणि घाटीगावला जाऊन परत, चाळीस.

हवालदार म्हणाले, "सरावात पहिला येईल त्याला ठेंगा मिळेल. पाय तयार करा, नाक वर करू नका."

पण मला दुसरा येणं जमत नाही. आमच्यात भिंडचा एक गडी होता. कमरेला गुळाची पुरचुंडी, दिसेल त्या विहिरीवर थांबणार, पाणी पिणार, वर गाणं म्हणणार. तिघऱ्याला मी त्याला अर्धा मैल मागं टाकलं, तेही थेंब न घेता.

"क्यों दक्खिनी भैया, पानी से बैर है का?" त्यानं विचारलं.

"हरकाऱ्याचं रक्त आहे," मी म्हणालो.

"तो रक्त ही पी लो!"

सगळे हसले. मी मनाशी म्हटलं, बेटा, घाटीगावला दाखवतो.

घाटीगावपर्यंत सगळं ठीक होतं. परत निघालो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. तीसेक मैल झाल्यावर घाम यायचा बंद झाला, ओठांवर मीठ साचलं, वाटेतला एकेक दगड दोन-दोन दिसायला लागला. एका विहिरीवर बाई पाणी ओढत होती. तिनं घागर पुढं केली. मी मान हलवली, चार पावलं गेलो आणि पडलो.

डोळे उघडले तेव्हा भिंडवाल्याचा ओला गमछा माझ्या डोक्यावर होता, आणि तो मला दटावून पाणी पाजत होता. उरलेली वाट त्याच्या खांद्यावर हात टाकून आलो. हवालदारांनी एवढंच म्हटलं, "शिवपुरीला पडलास तर गिरणीचा रस्ता तुला ठाऊक आहे."

घरी येऊन वडिलांना सांगितलं. म्हटलं, शाबासकी तरी मिळेल. "तीस मैल थेंब घेतला नाही!"

वडील पानाला चुना लावत होते. त्यांचं बोट थांबलं. "किती?"

"तीस."

"अरे येड्या, आमची चौकी सहा मैलांवर असायची. सहा मैल झाले की पाकीट दुसऱ्याच्या हातात आणि लोटा आपल्या."

"मग सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कधी?"

मला राग आला. वीस वर्षं पाळलेला कायदा असा एका पानाच्या विड्यात मोडायचा? मी म्हणालो, "कायदा तो कायदा. मी पिणार नाही." वडील पान खात बसले.

शिवपुरीच्या दौडीला आम्ही पहाटे निघालो. सहा मैल झाले, उजाडलं, आणि चिंचेखालच्या विहिरीवर पाहतो तर वडील. अंगात जुना दरबारी अंगरखा, हातात लोटा. एवढ्या लांब केव्हा आले, कसे आले, देव जाणे.

"चौकी," ते म्हणाले. "पाकीट दे."

"पाकीट कुठंय?"

"कमरेचा रुमाल दे."

दिला. त्यांनी तो काखेत धरला आणि लोटा पुढं केला. "आता तुझे हात मोकळे. पी."

मी प्यालो. सगळा लोटा. मग त्यांनी रुमाल परत हातात दिला. "पुढच्या टप्प्याचा हरकारा तूच. मी पुढं नसेन. दगडावर ठेव, पी, उचल. पळ आता, बघतोस काय!"

तसंच केलं. दर सहा मैलांवर विहीर नाहीतर नाला गाठायचा, रुमाल दगडावर ठेवायचा, प्यायचं, उचलायचा. भिंडवाला गूळ चघळत म्हणाला, "ये कौन सी पूजा है?"

"चौकी बदलतोय."

त्यानं कपाळाला हात लावला, पण पुढच्या विहिरीवर माझ्यासाठी पाणी ओढून ठेवलं.

दिवे लागायच्या वेळी शिवपुरीत पोचलो. तो तिसरा, मी सहावा. पहिला आलो नाही ह्याचं अजून वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण नोकरी राहिली. पुढं मध्यभारतही गेलं, राजधानी भोपाळला गेली, बिल्ला पुन्हा बदलला; मी चिठ्ठ्या नेतच होतो.

दौडीच्या दुसऱ्या दिवशी शिवपुरीहून छोट्या रेल्वेनं परतलो. ती आमच्यापेक्षा हळू चालते म्हणून भिंडवाला वाटभर हसत होता. घरी वडील ओसरीवर बसले होते. कितवा आलास हे त्यांनी विचारलंच नाही.

"किती चौक्या?"

"अकरा."

"आणि पाकीट?"

मी रुमाल त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, काखेत धरला आणि आत आवाज दिला, "लोटा आणा गं."