फादरच्या लग्नाचा रोस

कॅथलिक फादरनी लग्न करावं की नाही, हा विषय माझ्यासमोर काढायचा असेल तर आधी चहा टाका, कारण मग मी जागची लवकर उठत नाही. माझा धाकटा भाऊ फादर होता. चांगला, लोकांचा लाडका फादर. त्यानं ते सोडलं, लग्न केलं, आणि तेही आमच्या परळच्या चाळीत, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून.

आम्ही मूळचे वेंगुर्ल्याकडचे ख्रिस्ती. आजोबा गिरणीत लागले, तसे चाळीतल्या सगळ्यांचेच आजोबा लागले होते. त्यांच्या भिंतीवर गणपती, आमच्या भिंतीवर क्रूस, एवढाच काय तो फरक. मालवणी तीच, कालवण तेच आणि नळावरची भांडणंही तीच. भाऊ फादर झाला तेव्हा अख्खी चाळ नटूनथटून चर्चमध्ये आली होती. आईला तर आभाळ ठेंगणं झालं. तो रविवारी घरी जेवायला आला की सुरमईचा मधला तुकडा त्याला आणि शेपटी मला. फादरची बहीण झाल्याचा मला झालेला फायदा तो एवढाच.

मग एकदा त्यानं मला दादरच्या एका हॉटेलात कॉफीला बोलावलं. कप तसाच ठेवून म्हणाला, "ताई, देवाबद्दल माझी काही तक्रार नाही गं. पण मिस्सा संपते, लोक आपापल्या घरी जातात, मी चर्चला कुलूप लावतो आणि वर जाऊन एकटा जेवतो. समोर कुणीतरी असावंसं वाटतं."

"कुणीतरी की कुणी एक?" मी विचारलं.

तो लाजला. त्याच्या माझगावच्या चर्चमध्ये लहान मुलांना धर्मशिक्षण देणारी एक शाळेतली बाई होती. हातसुद्धा धरला नव्हता त्यानं तिचा, हे मी शपथेवर सांगते. तो सरळ बिशपांकडे गेला आणि मनातलं सांगून मोकळा झाला. आमच्यात रोमहून पोपची परवानगी आल्याशिवाय अशा माणसाचं लग्न चर्चमध्ये लागत नाही. ती यायला वर्षं गेली. तोवर तो लोअर परळच्या एका ऑफिसात नव्या पोरांना ट्रेनिंग द्यायचा आणि भाड्याच्या खोलीत राहायचा. ती बाईही थांबली. आईला वाटत होतं, त्याला चर्चनंच तिकडे कसल्या कामावर पाठवलंय. तिचं ब्लडप्रेशर, तिची तब्येत, म्हणून आम्ही दोघं गप्प होतो. परवानगी हातात आल्यावरच तिला सांगितलं.

आई रडली नाही, ओरडली नाही. फक्त त्याच्याशी बोलणं टाकलं, आपल्या चर्चला जाणं टाकलं आणि दर रविवारी बसनं शीवच्या चर्चला जायला लागली. तिथं तिला ओळखणारं कुणी नव्हतं.

मला वाटलं, हिला देवाची भीती वाटतेय. मग काय, मी पदर खोचला! "आई, येशूच्या ज्या शिष्याला आपण पहिला पोप मानतो ना, त्याला सासू होती. तिला ताप आला तर येशूनं जाऊन बरं केलं. बायकोशिवाय सासू येते कुठून?" आई भाजी निवडत राहायची. "पूर्वेकडच्या काही देशांत आपल्याच पोपला मानणारी चर्चं आहेत, तिथले फादर बायकापोरं असलेले असतात. तिथलं आभाळ कोसळलं का?" आई कुकर लावायची. एवढी वर्षं मी ऑफिसात कटकट्या साहेबांना गप्प केलं, पण या बाईपुढे माझी डाळ शिजेना.

चर्चमधल्या बायकांशीही माझी जुंपायची. एक म्हणाली, "फादरला बायको आली तर अर्ध्या रात्री मरणाऱ्या माणसाकडे कोण धावणार?" म्हटलं, "डॉक्टर धावतो की! त्याची बायको काय दार अडवून उभी असते?" खरं सांगायचं तर एकाच माणसासमोर मी नमले, ते म्हणजे आमचे म्हातारे फादर. ते म्हणाले, "माझं घर झालं नाही, म्हणून तुमची सगळ्यांची घरं माझी झाली. मला पस्तावा नाही, पोरी." त्यांच्या तोंडावर समाधान होतं, खोटं नव्हतं. ज्याला झेपतं त्यानं तसं राहावं, माझं काहीच म्हणणं नाही. पण ज्याला दोन्ही मनापासून हवंय, त्याला एकच घे म्हणायचं, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. माझ्या भावासारखं प्रवचन सांगणारा नंतर कोण आला, दाखवा मला!

लग्न गाजावाजा न करता लावा, असं चर्चनं सांगितलं होतं. ठीक आहे, चर्चमध्ये नाही गाजवणार. पण रोस तर घरचा! रोस म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशीची आमची हळदच म्हणा, फक्त हळदीच्या जागी नारळाचं दूध. त्यात पहिला हात आईचा. आईनं कपाळावर क्रूस काढल्याशिवाय दुसऱ्या कुणी बोट लावायचं नाही. आणि आईनं सांगून टाकलं होतं, आपण हात लावणार नाही.

"मग रोस नको," भाऊ म्हणाला. "आई नसेल तर नकोच. उद्या आम्ही दोघं जाऊ, सह्या करू, येऊ." त्याचा चेहरा बघवेना.

"नको काय नको! तू पाटावर बस," मी म्हटलं. "पुढचं मी बघते."

संध्याकाळी आमच्या मजल्याचा पॅसेज पताकांनी भरला. शेजारच्या काकींनी दुपारपासून खोबरं खवून, वाटून, पातेलंभर घट्ट दूध काढलं होतं. भाऊ बनियन-लुंगीवर पाटावर बसला. आणि आमच्या चाळीची सवय बघा, काकी आल्या त्या थेट त्याच्या पाया पडल्या! "फादर, नातवाची बारावी आहे हो, आशीर्वाद द्या." मागून एक काका आले, "फादर, नवी स्कूटर घेतलीय, जरा हात फिरवता?"

"अहो, मी आता फादर नाही," भाऊ अंग चोरत म्हणाला.

"असू द्या हो. हात तर तोच ना?"

हसून हसून पुरेवाट झाली. पण दूध तसंच पडून होतं. बायकांची गाणी म्हणून झाली, परत म्हणून झाली. हळूहळू सगळे स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायला लागले. आत आई आमच्याकडे पाठ करून वड्यांचं पीठ मळत होती.

मी आत गेले. "आई, अगं तो पहिला पोपसुद्धा..." सुरुवात केली आणि तिथंच सोडून दिली. पोप गेला खड्ड्यात. मी म्हटलं, "आई, तो तिकडे एकटा जेवायचा गं. वर्षानुवर्षं. ताट घेऊन भिंतीकडे बघत जेवायचा."

आईचे हात थांबले. "काय म्हणालंस?"

"एकटा जेवायचा. मला सांगितलं होतं त्यानं."

"तुका सांगल्यान?" आई गर्रकन वळली. "तुका म्हायत. बिशपाक म्हायत. थंय रोमात पोपाक म्हायत! आणि मी त्येची आवस, माका सगळ्यांच्या शेवटाक? करूं दे लग्न, धा वेळा करूं दे, माका काय त्येचा! माझो झील उपाशी मनान जेवता, ह्यां माका कोणी सांगूक नाय? मी रोज डबो पाठवलो असतो ना!"

आणि मी येडी, तिला सासूची गोष्ट सांगत बसले होते!

पिठाच्या हातांनीच ती बाहेर आली. आता ती बोट बुडवणार, क्रूस काढणार, म्हणून बायका सरसावल्या. आईनं अख्खं पातेलं उचललं आणि त्याच्या डोक्यावर उपडं केलं.

"लोकांची पापा ऐकूक बसलंस इतकी वर्सा," ती म्हणाली, "आणि आवशीक एक गोष्ट सांगूक जमला नाय तुका?"

नाकावरून, दाढीवरून दूध गळतंय, डोळे उघडता येत नाहीत, अशा अवस्थेत माझा भाऊ हात जोडून म्हणाला, "चुकलंय, आई."

"चुकलंस," आई म्हणाली. मग तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, त्या ओल्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला आणि आमच्यावर खेकसली, "बघतांत काय? लावा की!"

पातेल्यात थेंब उरला नव्हता. काकी दुसरा नारळ फोडायला धावल्या.