डांगर धरेना तेव्हा

लग्नाला चार वर्षं झाली तरी माझी कूस उजवली नव्हती. त्यामुळे प्रकाशा गावातल्या आमच्या घरी दूध नासलं तरी सासूबाईंची नजर आधी माझ्याकडे वळायची. त्या पावसाळ्यात परसातल्या कुडावर डांगराचे, म्हणजे लाल भोपळ्याचे, वेल पिवळ्या फुलांनी भरून गेले, पण बोराएवढं फळ दिसलं की ते गळून पडायचं. शेजारची म्हातारी माझ्यादेखत म्हणाली, "सूनले वेलजवळ जाऊ दिऊ नको."

मला कारण वेगळं दिसत होतं. बैलाला माशा डसल्या म्हणून उन्हाळ्यात उंबरावरचं मोहोळ जाळलं होतं. आता फुलांवर मधमाशी फिरकत नव्हती. माझे वडील शाळामास्तर. त्यांनी लहानपणी मला हीच फुलं चिरून दाखवली होती.

एका पहाटे मी लांब देठाचं एक फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढत होते. मागून मनगट पकडलं गेलं.

"काय करी ऱ्हायनी तू?" सासूबाईंनी विचारलं.

मी सांगितलं, हे नराचं फूल. यातली पिवळी पूड मादीफुलाच्या मधल्या चिकट बोंडावर लागली, की तिच्या कणांतून बारीक नळी फुटते आणि खाली कोवळ्या फळातल्या बीजापर्यंत जाते. तिथे दोघांचा संयोग होतो, मग बी धरतं आणि फळ फुगतं. हे काम माशी करायची.

"आनि आते तू करशी?" त्या हसल्या नाहीत. "कर मन्हासमोर. एकच."

मी पूड लावली. त्यांनी स्वतः त्या फुलाला चिंधी बांधली आणि दुपारपर्यंत कुडाजवळ बसून राहिल्या, मी पुन्हा काही करते की काय म्हणून.

ते फळ गळलं नाही. आठवड्यात मुठीएवढं झालं. सासूबाईंनी नखाने टोचून पाहिलं, वास घेतला. दसऱ्याला डांगर चिरलं तेव्हा भाजी टाकायच्या आधी बिया तळहातावर घेऊन दाबून पाहिल्या. भरीव होत्या.

शेजारीण पुन्हा काही बोलायला आली, तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तिन्हा हातनं फळ धरस. मी देखेल शे."

मूल मला पुढेही झालं नाही. वेलीचं काम मात्र दर पावसाळ्यात माझ्याकडे आलं. तरी पहाटे मी परसात गेले, की दाराची कडी वाजायची आणि त्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहायच्या.