चारशे मणी आणि आतून लावलेली कडी

दुपारच्या सुट्टीत लॅबकाका प्रयोगशाळेला आतून कडी लावतात आणि आत एक बाई असते, ही बातमी आमच्या कॉलेजात कोणी सोडली ते मी सांगणार नाही. तिखटमीठ मात्र मीच लावलं. पुरावाही होता की! काका बाहेर यायचे ते घामाघूम, केस विस्कटलेले, पँटच्या गुडघ्यांवर धूळ. वय छप्पन्न. म्हातारचळ, दुसरं काय.

तेवीस वर्षं काकांचं मुख्य काम एकच: वायूच्या रेणूंचे वेग दाखवणारं यंत्र चालवायचं. काचेच्या पेटीत चारशे बारीक मणी, खाली त्यांना उडवणारी मोटर, बाजूला एक भोक आणि त्यापुढे ओळीने खण. भोकातून सुटलेला मणी जितका वेगवान, तितक्या लांबच्या खणात पडायचा. मोटर हळू, म्हणजे वायू थंड. मणी जवळच्याच दोन-तीन खणांत, ढीग उंच नि अरुंद. मोटर जोरात, म्हणजे वायू तापलेला. ढिगाचं टोक पुढे सरकायचं, ढीग बसका होऊन लांबवर पसरायचा, आणि काही उनाड मणी थेट जमिनीवर. सर मुलांना बजावत, ढीग बसला म्हणून रेणू कमी झाले नाहीत, तेवढेच आहेत, फक्त पांगलेत. ते तेवढेच राहावेत ही जबाबदारी मात्र काकांची.

अफवा काकूंपर्यंत पोचली. त्यांनी विचारलं, तर काका "काम असतं" म्हणाले आणि कूस बदलून झोपले. तीन दिवस घरात अबोला. चौथ्या दिवशी काकूंनी लेकीकडे जायला बॅग भरली आणि वाटेत, भर दुपारी, कॉलेजात येऊन दार ठोठावलं. आम्ही सगळे व्हरांड्यात, उगाच कागद चाळत.

कडी निघायला बराच वेळ लागला. काका दाराला धरून कसेबसे उठले होते. पुरते सरळ झालेच नव्हते. मूठ घट्ट मिटलेली. काकूंनी आधी खोलीभर नजर फिरवली, मग त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"डॉक्टरांनी गुडघे टेकायचे नाहीत म्हणून सांगितलंय ना? शब्द दिला होतात मला."

"म्हणूनच कडी लावायचो. कोणी बघून तुला सांगेल म्हणून." काकांनी मूठ उघडली. "थकलो गं आता. अजून तीन सापडत नाहीत."

काकूंनी बॅग टेबलावर ठेवली, चष्मा सारखा केला आणि कपाटापाशी खाली बसल्या. "सरका," म्हणाल्या.

आत बाई नव्हती. काका सांडलेले मणी वेचत होते.