शर्टाच्या आतला बिल्ला

मी निवडणुकीचे बिल्ले जमवतो असं सांगितलं की समोरचा लगेच विचारतो, "म्हणजे आपण कोणत्या पक्षाचे?" कोणत्याच नाही म्हटलं की त्याचा संशय अधिकच पक्का होतो. या प्रश्नाला उत्तर देऊन देऊन माझं तोंड दुखलं आहे. लोक पोस्टाची तिकिटं जमवतात, त्यांना कोणी पोस्टमास्तर समजत नाही. पण बिल्लेवाल्यावर नजर ठेवायचीच.

त्यात मी रेल्वेच्या नोकरीत. सरकारी माणसानं छातीवर कोणाचं चिन्ह मिरवायचं नाही, हा नियम. आणि जबलपुरातल्या प्रचारवाल्यांचा नियम असा, की बिल्ला हातात द्यायचाच नाही, स्वतः पुढे होऊन खिशाला टोचायचा. "पहले लगवाइए तो, भाई साहब!" म्हणत ते अंगावर येत, मी खिसा दाबून मागे सरकत असे, आणि बिल्ला हातचा जाई. मग निकालानंतर बंद पडलेल्या प्रचार कार्यालयांपुढचा कचरा उकरायचा. इस्त्रीच्या कपड्यांतला माणूस उकिरड्यावर वाकलेला पाहून ओळखीचे लोक रस्ता बदलत. डबा भरत गेला, पण मला हवा होता तो एकच बिल्ला त्यात नव्हता.

तो मी लहानपणी पाहिला होता. राज्यांची फेररचना झाली, नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो. त्यानंतरच्या कुठल्याशा निवडणुकीत जबलपुरातल्याच घमापूर भागातला एक मराठी कंपाउंडर अपक्ष उभा राहिला. चिन्ह शिडी. पत्र्याच्या बिल्ल्यावर शिडीखाली त्यानं चक्क मराठीत छापून घेतलं, 'आपला माणूस'. गावातल्या साऱ्या भिंती हिंदीत रंगलेल्या असताना! बाबा तेव्हा संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते. बिल्ला कोणी पाहिला तर नोकरीवर गदा येईल, म्हणून त्यांनी तो आत बनियनला टोचला, वरून शर्टाची सगळी बटणं लावली आणि चेरीतालच्या आमच्या घरातून ताठ मानेनं मत द्यायला निघाले. परत येताच आईनं तो काढून घेतला आणि भीतीपोटी चुलीत टाकला. कंपाउंडरचं डिपॉझिट गेलं आणि विषय संपला.

माझ्यापुरता मात्र तो संपला नाही. मराठी मंडळात मी या बिल्ल्याची गोष्ट काढली की लोक हसत. इथे मराठीत बिल्ला कोण छापतो? काहीतरीच! ऐकून ऐकून माझाच माझ्या आठवणीवरचा विश्वास उडायला लागला. साक्षीदार उरले ते एकटे बाबा. ते आता पार थकले होते, मोतीबिंदूनं दिसणं जवळजवळ बंद झालं होतं, पण बिल्ल्याचं नाव काढलं की उठून बसत.

"आता पेन्शनीत मले कोण धरते? भेटला तर आण. एकडाव शर्टाच्या वरून लावतो."

एवढ्यासाठी मी जिवाचं रान केलं. घमापुरातले कबाडी पालथे घातले, पार मझौलीच्या बाजारापर्यंत जाऊन आलो, आणि प्रत्येकानं भलतेच बिल्ले माझ्या गळ्यात मारले. घरी पाऊल टाकलं की बाबांचं सुरू, "भेटला काय रे?" मी खेकसायचो, "शोधून राहिलो ना, बाबा!"

शेवटी त्या कंपाउंडरची मुलगी सापडली, तीही घमापुरातच, ज्या गल्लीतून मी वर्षानुवर्षं सायकल हाकत होतो तिथेच. तिच्या आईच्या पेटीत एक बिल्ला उरला होता. तिनं आणून दाखवला. गंजलेला होता, पण शिडी होती, 'आपला माणूस'ही वाचता येत होतं. बाबांना हवाय म्हणून सांगितलं, तर म्हणाली, "मग असा कसा देऊ, भैया? रविवारी या." वडिलांची आठवण, सोडवत नसेल, असं समजून मी मुकाट्यानं निघालो.

रविवारी तिनं चहा दिला आणि नव्या रुमालात गुंडाळलेला बिल्ला पुढे केला. मी रुमाल उघडला. आत लखलखीत पत्रा. शिडी नाही, एक अक्षर नाही.

"चिंच लावली, राखेनं घासला, तरी गंज निघूनच नव्हता राहिला. मग तारेच्या घासणीनं काढला. पहा कसा चमकून राहिला!"

आमच्याकडे शेजारणीची वाटीसुद्धा घासल्याशिवाय परत करत नाहीत. ही तर एका म्हाताऱ्या माणसाला वडिलांची वस्तू देत होती. तिचा चेहरा इतका खुलला होता की मला ओरडताही येईना. "छान झाला," एवढंच म्हणालो. रस्ताभर मात्र दात ओठ खात आलो. त्याच दिवशी हिसकावून का आणला नाही, असं शंभरदा मनात आलं.

बाबांनी बिल्ला तळहातावर घेतला, अंगठा फिरवला.

"शिडी आहे ना?"

"आहे."

"अन् आपला माणूस?"

"तेही आहे."

ते समाधानानं हसले. मग त्यांनी शर्टाची बटणं सोडली आणि चाचपडत पिन आतल्या बनियनला टोचली.

"काहून, बाबा? वरून लावा ना! आता कोण तुमची नोकरी घेते?"

"माझी नाही रे," एकेक बटण लावत बाबा म्हणाले, "तुझी आहे ना अजून."